वाउटर यान्सचा नातू

३ मार्च, सोमवार. फोरबर्ग

डायरी लिहायची, लिहायची म्हणत सगळी नोकरी संपली. आज बसलोच, कारण आज मला काम मिळालं! पगार नाही, पण काम आहे.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो. बातमीत ती नसली की मी बातमीदाराच्या अंगावर कागद फेकत असे. मी मोरेश्वर खांबेटे, पुण्याच्या एका दैनिकातून मुख्य उपसंपादक म्हणून निवृत्त. मुलगा कुणाल इथे हेगला आयटीत आहे. सून इरावती डेल्फ्टच्या विद्यापीठात संशोधन करते आणि तिला एप्रिलमध्ये बाळ व्हायचंय. तिच्या आईचं, मीनलताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन ऐनवेळी निघालं, म्हणून बाळंतपणाला आम्ही आलो. आम्ही म्हणजे प्रमोदिनी. मी तिच्याबरोबरचं सामान.

मुलगा होणार हे कळलेलं आहे. इथे डॉक्टर आपण होऊन सांगतात आणि कुणी तुरुंगात जात नाही.

तर आज सकाळी प्रमोदिनी डिंक तळत होती आणि तो कसा तळावा हे मी तिला सांगत होतो. इरावती म्हणाली, "बाबा, जरा पाय मोकळे करून या ना." प्रमोदिनी म्हणाली, "अहो, खरंच जा." दोघींचं इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं. निघालो. कालव्याच्या कडेनं चालत लायडस्खेनडामच्या स्लाउसपर्यंत गेलो. स्लाउस म्हणजे कालव्यातलं दार. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी वरखाली करायचं, पलीकडचं दार उघडायचं. तासभर बघत उभा राहिलो आणि गारठलो. शेजारच्या इमारतीवर गावाच्या इतिहास मंडळाची पाटी होती, आत दिवा होता. ऊब मिळेल म्हणून शिरलो.

आत हानेकेबाई. इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, मंडळाच्या अध्यक्ष, उंची सहा फूट, आवाज त्याहून मोठा. कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मी काय करायचो विचारलं. वर्तमानपत्रात होतो म्हटल्यावर बाई उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या गावचा एक मुलगा अमेरिकेत जाऊन संपादक झाला, तिथली वर्तमानपत्रं नुकती कुठे सुरू होत होती तेव्हा. त्याच्या घराण्याचा इतिहास आम्ही जुळवतोय आणि आमच्यात वर्तमानपत्र कळणारा एकही माणूस नाही.

मी म्हटलं, आता आहे.

६ मार्च, गुरुवार

काय माणूस! वाउटर आरेंट्स. जन्म इथला, लायडस्खेनडामचा. तरुणपणी जहाजावर चढला, हडसन नदीकाठच्या एका लहान गावात उतरला आणि पुढे चार पानी साप्ताहिक काढलं. छपाईचे खिळे स्वतः जुळवायचा, अग्रलेख स्वतः लिहायचा, अंक घोड्यावरून स्वतः वाटायचा. आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव!

इथे मला जरा कळ आली, ते लिहून टाकतो. उपसंपादकाचं नाव छापत नाहीत. बातमीदाराचं छापतात, त्याच्या चुका आम्ही काढायच्या. माझं नाव आमच्या पेपरात एकदाच आलं, तेही निधनवार्तेत. दुसरेच कुणी मोरेश्वर खांबेटे सदाशिव पेठेत वारले होते. दिवसभर घरी फोन. प्रमोदिनी प्रत्येकाला सांगत होती, "नाही हो, हे जेवतायत."

हानेकेबाई म्हणतात, काम नीट झालं तर मंडळाच्या पत्रिकेत माझ्या नावानं लेख आणि तीन एप्रिलला व्याख्यान. माझ्या नावानं! दोनदा विचारून घेतलं.

नावांची पद्धत तर अगदी आपलीच. वाउटर आरेंट्स म्हणजे आरेंटचा मुलगा वाउटर. बाप आरेंट वाउटर्स, म्हणजे वाउटरचा मुलगा आरेंट. आजोबा वाउटर यान्स, ते स्लाउसवर दारं उघडायचे. मधलं नाव बापाचं आणि नातवाला आजोबांचं नाव. मंडळातल्या लोकांना हे कागद काढून समजवावं लागतं, मला उपजत येतं. मी भराभर झाड काढून दिलं तेव्हा सगळे बघत राहिले.

त्याच्या एका अंकात एक ओळ आहे. "ज्याचं नाव मी लावतो त्या म्हाताऱ्यानं माझं बोट धरून जुन्या वर्तमानपत्रातल्या अक्षरांवर फिरवलं. होड्या खोळंबल्या होत्या." ही ओळ मी माझ्यासाठी वेगळी उतरवून घेतली. मीही आजोबांचं नाव लावतो. पण माझे आजोबा माझ्या जन्माआधीच गेले, म्हणून तर मला नाव मिळालं. मला ठाऊक असलेले मोरेश्वर म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो. त्यांनी कुणाचं बोट कधी धरलं का, मला माहीत नाही.

११ मार्च, मंगळवार

सापडलं! सापडलं! घाईत लिहितोय, अक्षर वाईट आलं तर येवो.

संपादकाच्या बाप्तिस्म्याची नोंद १७४६ची आहे. बाळ वाउटर, बाप आरेंट वाउटर्स, साक्षीदार वाउटर यान्स. मंडळानं वर्षानुवर्षं काय धरलं? साक्षीदार म्हणजे आजोबा. अरे, आजोबा कसे असतील? बाळाचं नाव वाउटर ठेवलंय! म्हणजे आजोबा तोवर गेलेले असणारच. जित्याजागत्या माणसाचं नाव पाळण्यातल्या पोराला कोण देतं? घरातल्या सुनेनं हाक कशी मारायची? रागावायचं कसं? "वाउटर, मेल्या, गप बस" असं सासऱ्यांच्या देखत म्हणणार का ती?

तेव्हा साक्षीदार वाउटर यान्स हा दुसराच माणूस. आणि त्या काळात हेगमध्ये एक वाउटर यान्स होता, जो, ऐका, मुद्रक होता! पोराच्या हातात वर्तमानपत्र देणारा म्हातारा हाच. आणि त्यानं पोराला आपला धंदा शिकवला, म्हणून तो पुढे संपादक झाला. दार उघडणाऱ्याच्या घरात वर्तमानपत्र येईलच कुठून?

हेडिंगही सुचलं. "लायडस्खेनडामचा नव्हे, हेगचा!" आठ कॉलम.

घरी येऊन प्रमोदिनीला सगळं सांगितलं. तिनं गॅस बारीक केला आणि विचारलं, "म्हणजे जिवंतपणी नाव ठेवलेलं चालतच नाही का हो?"

म्हटलं, "चालायचा प्रश्नच नाही, तोच तर पुरावा आहे!"

तिनं गॅस पुन्हा मोठा केला. विषय तिच्या डोक्यावरून गेला असावा.

१२ मार्च, बुधवार

काल उत्साहात जिना चढताना घेरी आली. इथले जिने शिडीसारखे उभे असतात. कुणाल लगेच हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी उभं राहून हस्तांदोलन केलं, पाच मिनिटं माझ्याशी आणि दहा मिनिटं कुणालशी डचमध्ये बोलले आणि रक्त काढलं.

१७ मार्च, सोमवार

हानेकेबाईंना सिद्धांत सांगितला. त्यांचा चेहराच उतरला. स्लाउसजवळच्या घरावर दगडी पाटी बसवायचं गावानं ठरवलंय. संपादकाच्या आजोबांचं घर ते. माझं म्हणणं खरं ठरलं तर पाटी हेगला जाईल.

"पण आजोबा तेव्हा गेले होते हे तुम्हाला कशावरून कळलं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "त्यात शंका घ्यायला जागाच नाही. दफनाच्या नोंदींची त्या वर्षांची पानं गहाळ आहेत हे माहीत आहे मला. पण इतर पुरावा पक्का आहे. व्याख्यानात मांडतो."

त्या म्हणाल्या, ठीक आहे, तुम्ही वर्तमानपत्रवाले, पुराव्याशिवाय बोलणार नाही. पण वाईट त्यांना वाटलं. जाताना म्हणाल्या, तीस तारखेला माझा वाढदिवस आहे, घरी या, माझे वडील असतील, आमच्याकडचे आरीही भेटतील. आरी कोण ते विचारायचं राहिलं. मला पुढचा परिच्छेद सुचत होता.

हल्ली प्रमोदिनी स्वयंपाकघरात एकटी असली की ओठ हलवत असते. मी गेलो की थांबते. कुठलं तरी नवीन स्तोत्र दिसतंय. विचारलं तर लाजली. या वयात स्तोत्र म्हणायला लाज कसली?

कुणाल संध्याकाळी बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन, फोनवर डचमध्ये बोलत होता. आत आल्यावर मी विचारलं, "रक्ताचं काय झालं रे?"

"त्यांचा दुपारीच फोन आला बाबा, सगळं ओके आहे. पाणी जास्त प्या म्हणाले."

"मग आत्ता कुणाचा होता?"

"असंच, एक डिलिव्हरी आहे."

२१ मार्च, शुक्रवार

लिहू की नको? लिहितो. जे आहे ते लिहायचं, हीच सवय.

दुपारी मी पडलो होतो. इरावती बाहेर मीनलताईंशी फोनवर बोलत होती. पोरीचा आवाज स्वच्छ आहे, शब्दन्शब्द ऐकू आला. "हो गं, बाबांचंच नाव ठेवायचं. मोरेश्वर. ठरलंय. पण त्यांना अजिबात कळू द्यायचं नाहीये. आई तर बोलायला गेल्या की रडायलाच लागतात."

मी पडूनच राहिलो.

बाळ तीन आठवड्यांत येईल. त्याचं नाव मोरेश्वर. म्हणजे डॉक्टरांनी कुणालला ती दहा मिनिटं काय सांगितलं ते उघड आहे. "पाणी जास्त प्या"! मुलानं बापाशी खोटं बोलावं आणि तेही इतकं कमी शब्दांत. उपसंपादकाचा मुलगा शोभतो.

गंमत म्हणजे मला भीती कमी वाटली. पहिला विचार आला तो असा, की मी या पोराच्याही भिंतीवर हार घालून बसणार. तो माझं नाव लावेल आणि मला ओळखणार नाही. याचं मात्र फार वाईट वाटलं. बराच वेळ कुशीवर वळून पडलो होतो.

मग उठलो. तीन एप्रिल गाठायचीच. डेडलाइन या शब्दाचा अर्थ आयुष्यात पहिल्यांदा नीट कळतोय.

२३ मार्च, रविवार

झपाट्यानं लिहितोय. काल आणि आज मिळून व्याख्यान पुरं केलं. असं लिखाण माझ्या हातून कधी झालं नव्हतं, सुटलोच आहे.

घरात सगळ्यांशी फार चांगलं वागतोय. प्रमोदिनीच्या डिंकाच्या लाडवांना नावं ठेवली नाहीत. कुणालला म्हटलं, "माझं घड्याळ तुला आवडतं ना? घे." तो म्हणाला, "बाबा, बंद पडलंय ते." इरावतीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती प्रमोदिनीला हळूच म्हणाली, "आई, बाबांना बरं वाटत नाहीये का?" किती अभिनय करतात बिचारी.

व्यक्तिगत एकच मागणं. पोराला एकदा बघायला मिळावं.

३० मार्च, रविवार. पाडवा

आजचा दिवस सविस्तर लिहायलाच हवा.

सकाळी गुढी उभारली. काठी म्हणजे पडद्याचा दांडा, वर इरावतीची पैठणी आणि तांब्या. कडुनिंब हेगमधल्या सुरिनामी भारतीयांच्या दुकानातून. त्यात काल घड्याळं एक तास पुढे केलेली, त्यामुळे मुहूर्त कुठला धरायचा यावर प्रमोदिनी आणि कुणाल यांची जुंपली. गुढी बाल्कनीत लागली तर शेजारच्या घरातले गृहस्थ खालून ओरडले, "अभिनंदन! कोण पास झालं?" इथे पोरगं शाळेची परीक्षा पास झालं की झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर टांगतात. कुणाल म्हणाला, "बाबा, सांगा त्यांना, तुम्ही." मी वरून ओरडलो, "सगळेच!"

दुपारी हानेकेबाईंकडे. इथला वाढदिवस म्हणजे खुर्च्यांचं रिंगण. ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, तर त्याच्या आईबापांचं, नवऱ्याचं, शेजाऱ्यांचं, सगळ्यांचं अभिनंदन करत रिंगण पुरं करायचं आणि मग बसायचं. मी हात मिळवत मिळवत एका म्हाताऱ्यापाशी आलो. नव्वदी पार, पाठ ताठ, हात फावड्याएवढे. हानेकेबाईंचे वडील. "आरी," ते म्हणाले. पुढच्या खुर्चीत टक्कल पडलेला एक चाळिशीचा माणूस. त्यानं हात पुढे केला. "आरी."

मी म्हटलं, "दोघंही?"

हानेकेबाई म्हणाल्या, "माझा मुलगा. आजोबांचं नाव."

मी दोघांकडे बघत उभाच राहिलो. मागे रांग खोळंबली. म्हातारे आरी ओरडले, "आरी! कॉफी!" आणि टकले आरी उठून कॉफी आणायला गेले. कुणाला काहीच वाटलं नाही! कुणी जीभ चावली नाही, कुणी पदर सावरला नाही. एका नावाची दोन माणसं एका खोलीत बसून एकाच केकचे तुकडे खात होती.

मी म्हाताऱ्यांच्या शेजारी बसलो. हानेकेबाई मध्ये बसून भाषांतर करू लागल्या. म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "तुमचं नाव कुणाचं?"

"आजोबांचं."

त्यांना आनंद झाला. "हो? मग कसे होते ते?"

"मी पाहिलं नाही. माझ्या जन्माआधीच गेले. आमच्याकडे गेल्यावरच नाव ठेवतात."

म्हाताऱ्यांनी हानेकेबाईंना दोनदा विचारून घेतलं, बरोबर ऐकलं ना म्हणून. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अरेरे. मग तुम्हाला ते दिलं कुणी?"

मी केकचा तुकडा मोडत राहिलो.

ते म्हणाले, "याला मी दिलं. चर्चमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या नव्या पँटवर मुतला." टकले आरी पलीकडून म्हणाले, "दर वाढदिवसाला सांगतात हे."

मी हानेकेबाईंना विचारलं, "पूर्वीही असंच? १७४६मध्ये?"

"अर्थात. आजोबा असले तर तेच साक्षीदार. का?" आणि मग त्यांचे डोळे मोठे झाले. "मोरेश्वर! तुमचा पक्का पुरावा... हा होता?"

मी मान हलवली. बाई इतक्या हसल्या की रिंगणातल्या सगळ्यांनी त्यांचं पुन्हा अभिनंदन केलं.

वाउटर यान्स जिवंत होता! स्लाउसवरचाच, दारं उघडणारा. त्यानंच नातवाला मांडीवर घेतलं, त्यानंच बोट धरलं आणि होड्या खोळंबवल्या. मी त्याला नाहक मारला होता. माझा सिद्धांत भुईसपाट झाला आणि मला हसू आवरेना. अर्ध्या वाटेवर, कालव्याच्या पुलावर, दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी चालायचा थांबलो. मला तरी कुणी मारलं होतं? मीच की.

घरी पोचलो तो सरळ स्वयंपाकघरात. म्हटलं, "खरं सांगा. मला काय झालंय?"

कुणाल घाबरला. "काय झालंय?"

"तेच विचारतोय. बाळाचं नाव माझं ठेवताय, म्हणजे मला काय झालंय?"

इरावतीनं कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही ऐकलंत? आणि तुम्हाला असं वाटलं? म्हणून ते घड्याळ?"

कुणालनं मोबाइल काढून रिपोर्ट समोर धरला. सगळे आकडे हिरवे. "पाणी कमी पिता, एवढंच आहे बाबा! आणि बाल्कनीतला तो फोन पाटीवाल्याचा होता, बाळाच्या नावाच्या पाटीचा. सरप्राइज होतं."

"पण मग लपवलंत कशाला?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात म्हणून," इरावती म्हणाली. "अकरा तारखेला आईंनी चाचपून पाहिलं, तर तुम्ही म्हणालात चालायचा प्रश्नच नाही. ते त्या डच बाळाबद्दल होतं, पण आई रात्री जेवल्या नाहीत."

मी प्रमोदिनीकडे पाहिलं. ती पोळी लाटत होती, ती लाटतच राहिली. "कल्पना माझीच," ती म्हणाली. "म्हटलं, गेल्यावर नाव ठेवून काय उपयोग? तेव्हा कुणाला ऐकू जाणार आहे?"

कुणाल म्हणाला, "बाबा, तुम्ही नाही म्हटलंत तर नाही ठेवणार. पण इथे तीन दिवसांत गेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंद करावी लागते, बारशापर्यंत थांबत नाहीत. तेव्हा लवकर सांगा."

तोंड धुवायला म्हणून गेलो आणि नळ सोडून रडलो. आनंदानं रडलो, हे स्पष्ट लिहितो.

३ एप्रिल, गुरुवार

व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं, म्हणजे एकतीस खुर्च्या. मी सुरुवातच अशी केली की मी तुमच्या गावच्या एका माणसाचा तीन आठवड्यांपूर्वी खून केला. मग सगळं सांगितलं: आमच्याकडची पद्धत, सुना, हार घातलेला फोटो, माझा पक्का पुरावा. लोक पोट धरून हसले. शेवटी संपादकाची ती ओळ वाचली तेव्हा कुणी हसलं नाही.

म्हटलं, मुद्रकाच्या घरात वर्तमानपत्र येतं यात नवल नाही. दार उघडणाऱ्याच्या हातात ते कुणीतरी वाचून टाकलेलं, होडीतून आलेलं पडलं असेल. तेच त्यानं नातवाला दिलं, नावासारखंच, आपल्या हातानं. पुरावा यालाही नाही, पण या वेळी मी तसं बोलूनही दाखवलं.

पाटी स्लाउसवरच लागणार. मजकूर माझ्याकडून घेतलाय. "वाउटर यान्सनं इथे आपल्या नातवाला, वाउटरला, वाचायला शिकवलं." कापायला एकही शब्द नाही. हानेकेबाईंनी पत्रिकेचा अंक हातात ठेवला, आत दुरुस्त केलेला लेख, वर माझं नाव. बघितलं आणि खिशात घातला. पूर्वी असतं तर नाचलो असतो. आज घरी जायची घाई होती.

५ एप्रिल, शनिवार

आला! काल पहाटे आला. दोघंही छान आहेत. रंग अजून कळत नाही, आवाज कळतो, हानेकेबाईंच्या वरताण. इथल्या रीतीप्रमाणे टोस्टवर बडीशेपेच्या निळ्या गोळ्या पसरून खाल्ल्या. प्रमोदिनी म्हणाली, "हे तर मुखवासाचं सँडविच आहे." बाळंतिणीकडे घरी येणारी नर्स मरिया मला बाळ कसं धरायचं ते शिकवायला लागली. मी म्हटलं, बाई, हा माझा दुसरा. तरी शिकवलंच.

त्यानं माझं बोट धरलं आणि सोडलं नाही. मी बोट तसंच ठेवून बसलो, चहा गार झाला.

७ एप्रिल, सोमवार

कुणालबरोबर गेमेंटेत गेलो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, बाळाचं नाव? कुणाल माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा बाबा."

मी खाकरलो. स्वतःचं नाव आजवर हजारदा सांगितलं असेल, बँकेत, रेल्वेत, सोसायटीच्या सभेत. दुसऱ्यासाठी कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मोरेश्वर." तिनं विचारलं, या नावाला काही अर्थ आहे का? म्हटलं, "आहे. ते माझं आहे." ती हसली आणि टाइप करू लागली.

येताना पाटी घेऊन आलो. इथे बाळ झालं की त्याचं नाव रस्त्याकडच्या खिडकीत लावतात. हातभर रुंद निळी पाटी, करकोच्याच्या चित्रासकट. आमच्या खिडकीत आता माझं नाव आहे आणि सायकलवरून जाणारे लोक हात करतात. पत्रिका अजून कोटाच्या खिशातच आहे वाटतं.

९ एप्रिल, बुधवार

प्रमोदिनीची मात्र पंचाईत झाली. हौस तिची आणि जीभ वळेना. लग्नातला उखाणा सोडला तर माझं नाव तिनं घेतलेलंच नाही. आधी बाळाला सोन्या म्हणाली, मग बाळराजे, आणि काल तर अंघोळ घालताना "अहो, पाय सरळ करा" म्हणाली. इरावती हसून हसून टाके दुखतात म्हणून ओरडली. ती ओठ हलवत असायची ते स्तोत्र नव्हतं, हे मला काल इरावतीनं सांगितलं. महिनाभर सराव चालला होता. सकाळी चहा करताना, एकटीच.

आज दुपारी ऊन पडलं होतं. ती बाळाला घेऊन खिडकीपाशी बसली होती. मी पलीकडे वाउटरच्या लेखाचा पुढचा भाग तपासत होतो. बाळ किरकिरायला लागलं. तिनं त्याचा हात धरून पाटीवरच्या उलट्या दिसणाऱ्या अक्षरांवर ठेवला, एकेका अक्षरावरून फिरवला आणि म्हणाली, "मोरेश्वर."

मी "ओ" दिली. तोंडातून आपसूक गेली.

"तुम्हाला नाही," ती मागे न वळता म्हणाली. मग जरा थांबून, "बरं, तुम्हालाही."